एकोणचाळीसचा फोटो: एका केंद्रातल्या शिक्षकांच्या ग्रुपचं प्रकरण

नांदेड जिल्ह्याचा देगलूर-बिलोली पट्टा. तेलंगणाची हद्द इतकी जवळ की आठवडी बाजारात भाव मराठीत सांगितला जातो आणि घासाघीस तेलुगूत होते. तिथलं हे एक केंद्र, म्हणजे आसपासच्या शाळांचा एक गट. अकरा जिल्हा परिषद शाळा, त्यातल्या सहा दोनशिक्षकी, शिक्षक सव्वीस. मी त्यातल्याच एका शाळेवर आहे आणि पुढे ज्या ग्रुपबद्दल लिहितोय त्याचा अ‍ॅडमिनही मीच. तेव्हा तटस्थपणाचा आव आणत नाही. गावांची, शाळांची, माणसांची नावं गाळली आहेत. तसं का केलं ते मधल्या भागात येईल.

आधीचा ग्रुप

केंद्राचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होताच, तो प्रत्येक केंद्राचा असतो. सकाळी सहाला सुविचार. साडेदहाला ‘अत्यंत तातडीचे, आज बारापर्यंत माहिती भरावी’. मग यू-डायसची (शाळांच्या सरकारी माहिती-नोंदीची) दुरुस्ती, आधारची पडताळणी, पोषण आहाराची रोजची नोंद, वृक्षारोपणाचे फोटो लिंकवर. संध्याकाळी कुणाचा तरी वाढदिवस आणि पंचवीस केक.

या गर्दीत एका दोनशिक्षकी शाळेवरच्या सरांनी महिन्याभरात तीनदा एकच प्रश्न टाकला होता: “टीव्ही पेनड्राइव्ह वाचत नाही, काय करावं?” तिन्ही वेळा तो शुभेच्छांखाली गाडला गेला. टीव्ही ग्रामपंचायतीने पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातून दिलेला, त्रेचाळीस इंची. जूनपासून दिवाळीपर्यंत तो लोखंडी कपाटात कुलूपबंद राहिला आणि चावी मुख्याध्यापकांच्या खिशात. उत्तर दोन ओळींचं होतं. पेनड्राइव्ह एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेला होता, तो टीव्ही फॅट-३२ वाचतो. फॅट-३२ मध्ये चार जीबीपेक्षा मोठी एकच फाईल बसत नाही, म्हणून मोठा व्हिडिओ तोडून टाकायचा. हे चार किलोमीटरवरच्या शाळेतल्या मॅडमना पाठ होतं. त्या ग्रुपवर होत्या, पण प्रश्न त्यांनी पाहिलाच नव्हता. त्यांनी ग्रुप म्यूट करून ठेवला होता आणि कुठलाही शहाणा माणूस तेच करेल.

प्रशिक्षण मिळत नव्हतं असं मात्र नाही. २०१७ मध्ये दीक्षा हे सरकारी ऑनलाइन शिक्षणाचं व्यासपीठ आलं, पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड आले. २०१९ मध्ये निष्ठा हे शिक्षकांसाठीचं देशव्यापी प्रशिक्षण सुरू झालं आणि कोरोनामुळे २०२० च्या ऑक्टोबरपासून ते दीक्षावर ऑनलाइन आलं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सांगतं की प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक वाढीसाठी द्यावेत. तास भरतातही. कसे भरतात ते आम्हां सगळ्यांना माहीत आहे. फोन चार्जिंगला, व्हिडिओ चालू, आणि आपण पोषण आहाराचा तांदूळ मोजतोय. प्रश्नमंजूषेची उत्तरं पीडीएफ होऊन त्याच ग्रुपवर येतात. मीही हे केलंय. साहित्य वाईट होतं म्हणून नव्हे. पायाभूत साक्षरतेच्या अभ्यासक्रमातलं वाचनावरचं काही तर फार चांगलं आहे. पण कोर्सला आपण उलट प्रश्न विचारू शकत नाही. तो बोलतो आणि आपण पुढे सरकवतो.

वेगळा ग्रुप आणि त्याची पहिली फजिती

नवा ग्रुप शिक्षण परिषदेच्या, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या मासिक बैठकीच्या, चहात ठरला. परिपत्रक टाकायचं नाही, शुभेच्छा टाकायच्या नाहीत, वर्गात चालणाऱ्या गोष्टीबद्दलच बोलायचं. चौथी अट कुणी बोलेना, ती केंद्रप्रमुख साहेबच बोलले: “मी असलो की तुम्ही फोटो टाकता, प्रश्न टाकत नाहीत. मला घेऊ नका. महिन्यातून एकदा परिषदेत सांगा काय चालू हाय ते.” या प्रकरणात पुढे जे बरं घडलं त्यातला मोठा वाटा या एका वाक्याला आहे. स्वतःला वगळून घेणारा अधिकारी मी तरी पहिल्यांदाच पाहिला.

तरी पहिले दोन महिने वाया गेले. साहेब नव्हते, पण साहेबांसाठीचे फोटो येतच राहिले. टीव्ही चालू, मुलं हाताची घडी घालून रांगेत, बाजूला रिमोट घेतलेले सर. खाली ‘अप्रतिम सर’, ‘तंत्रस्नेही शिक्षक’, अंगठे. ‘तंत्रस्नेही’ या शब्दाने आपलं जरा नुकसानच केलंय असं माझं मत आहे. ती पदवी झाली, आणि पदवी मिळालेला माणूस ‘मला हे जमत नाही’ असं लिहीत नाही. पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडसाठी ओळखले जाणारे सोलापूरच्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी, त्यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला तेव्हा आम्हां सगळ्यांनाच आनंद झाला. पण त्यानंतर तालुक्यातालुक्यात क्यूआर कोड चिकटवलेल्या भिंतींची लाट आली. भिंतीवरचा कोड स्कॅन करायला मुलांकडे फोन नाही, हे कुणीही लिहिलं नाही.

सव्वीस जणांत बोलणारे सहा-सात. बाकीच्यांना मी मनातल्या मनात आळशी ठरवून टाकलं होतं. चूक माझी होती. मानववंशशास्त्रज्ञ जीन लेव्ह यांनी लायबेरियातल्या शिंप्यांच्या शागिर्दांचा अभ्यास केला आणि पुढे १९९१ मध्ये एत्येन वेंगर यांच्यासोबत त्यावरून एक विचार मांडला. नवा माणूस कामाच्या कडेला बसून शिकायला लागतो, आणि कडेला बसणं हीच त्याची सुरुवात असते. ते पोर आधी बटणं लावतं, इस्त्री करतं, मग शिवतं. कापड कापायला सगळ्यात शेवटी मिळतं. देगलूरच्या बाजारात शिंप्याच्या पायाशी काज-बटण करत बसणारं पोरगं मी लहानपणापासून पाहत आलोय. तरी ग्रुपवर फक्त वाचणाऱ्यांना मी नावं ठेवत होतो.

फोटो

ऑगस्टमधला मंगळवार. तिसरीच्या एका मॅडमनी श्रुतलेखनाच्या वहीचा फोटो टाकला. खाली मजकूर: “मी एकोणचाळीस म्हणते, अकरा पोरांनी ४९ लिहिलं. दोन वर्षं झाली हेच चाललंय. माझं काय चुकायलंय?”

दुपारभर कुणी काही लिहिलं नाही. सगळ्यांनी पाहिलं होतं, मॅडमच्या फोनवर निळ्या खुणा दिसत होत्या. मी धीर देणारं काहीतरी लिहायला घेतलं आणि खोडलं. रात्री सव्वाआठला एक फोटो आला. पाठवणारे निवृत्तीला दोन वर्षं उरलेले सर, जे ग्रुपमध्ये आल्यापासून एक अक्षर बोलले नव्हते. त्यांच्या वर्गातली वही, त्यातही ४९. खाली दोनच शब्द: “माझं पण.”

सकाळपर्यंत सात शाळांमधून वह्या आल्या. तोवर आमच्या केंद्रात प्रत्येक शिक्षक आपापल्या खोलीत एकटाच नापास होत होता.

मग चुका निवडायला बसलो. हे काम दोन दिवस चाललं आणि वर्षभरातलं सगळ्यात कामाचं तेच ठरलं. एकाच दिसणाऱ्या चुकीचे तीन प्रकार निघाले. पहिला, ‘त्रेपन्न’ ऐकून ३५. मराठीत एकक आधी बोललं जातं, म्हणून मूल ऐकेल त्या क्रमाने तीन आधी लिहितं. दुसरा, ‘एकोण’वाला. मुलाच्या कानात ‘चाळीस’ शिरतं, हातून चार उमटतो आणि नऊ आठवणीतून येतो. एकोणपन्नासला ५९, एकोणसाठला ६९, सगळीकडे हेच. तिसरा, ‘एकशे पाच’ला १००५, म्हणजे जसं ऐकलं तसं जोडून लिहिलं. आतापर्यंत आम्ही तिन्हींवर एकच औषध देत होतो: पाढ्यासारखं शंभरवेळा लिहून आण.

आमच्या भागामुळे एक गोष्ट इथे जास्त लख्ख दिसली. एका सरांनी व्हॉइस नोट टाकली की त्यांच्या वर्गातली तेलुगू बोलणारी दोन मुलं ही चूक करतच नाहीत, ती मनात तेलुगूत मोजतात. तेलुगूत एकोणचाळीस म्हणजे ‘मुप्पै तोम्मिदी’, तीस नऊ. दशक आधी, एकक नंतर, जसं लिहायचं तसंच बोलायचं. उर्दू घरातल्या मुलांचं मात्र आपल्यासारखंच, ‘उनतालीस’. एकाच बाकावर तीन भाषांची गणितं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी पर्यायी वाचनपद्धत आली होती. मंगला नारळीकर तेव्हा गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. केवढा गदारोळ झाला, विधिमंडळातही विषय गेला. आम्ही शिक्षकही तेव्हा चेष्टेचे मेसेज पुढे ढकलत होतो. आपल्याच वर्गातली ४९ची वही शेजारी ठेवून तो पाठ तेव्हा वाचला असता, तर चेष्टा थोडी कमी झाली असती.

केंद्रशाळेतल्या गणिताच्या मॅडमनी ‘एकोण’ फोडून सांगितलं: एक ऊन, एक उणा. एकोणचाळीस म्हणजे चाळीसला एक उणा. मणीमाळेवर चाळीसपाशी बोट ठेवायचं आणि एक मणी मागे यायचं. बोट मागे आलं की मूल स्वतःच म्हणतं, “मग तीसमधलंच झालं की हो!” नव्याण्णव मात्र या रांगेत बसत नाही. त्याला कुणी एकोणशंभर म्हणत नाही, हे एका चौथीच्या मुलीने सरांना दाखवून दिलं आणि सरांनी ते ग्रुपवर कबूल केलं.

टीव्ही कुठे लागला

एका सरांनी उत्साहाने स्लाइड शो बनवला. आवाज येतो ‘एकोणचाळीस’, मग काड्यांचे तीन गठ्ठे, नऊ सुट्या काड्या, मग ३९. दिसायला छान. आठवड्याने त्यांनीच लिहिलं, “पोरांना क्रम पाठ झालाय. आवाज यायच्या आधीच उत्तर सांगायलेत.” असं स्वतःच्याच साधनाबद्दल लिहायला ऑगस्टच्या आधी कुणी धजलं नसतं.

चाललं ते दुसरंच. फोन दोन बरण्यांवर आडव्या पट्टीत अडकवायचा, कॅमेरा खाली, आणि त्याचं चित्र टीव्हीवर. खाली मुलगा मणीमाळेवर बोट फिरवतो ते सगळ्या वर्गाला मोठं दिसतं. फोनचा पडदा टीव्हीवर दाखवायला इंटरनेट लागत नाही, फोन आणि टीव्ही थेट एकमेकांशी जोडले जातात. रेंजसाठी लिंबाच्या झाडाखाली उभं राहणाऱ्या शाळांना हे कळायलाही ग्रुपच लागला. सगळ्या फोनांत ही सोय नसते. मग एकाने केबल आणली, तर त्याच्या फोनच्या सी-पोर्टमधून चित्र बाहेरच येत नव्हतं. स्वस्त फोनांत बहुधा येत नाही. आठशे रुपये गेले. ती पावती त्यांनी ग्रुपवर टाकली आणि दुसऱ्या कुणाचे आठशे वाचले. त्याच आठवड्यात कळलं की काही जुने टीव्ही एच-२६५ या नव्या पद्धतीने साठवलेला व्हिडिओ उघडत नाहीत, आधी तो जुन्या एच-२६४मध्ये करून घ्यावा लागतो.

चूक

आता तो भाग, ज्यामुळे नावं गाळली आहेत.

सप्टेंबरअखेर एका शिक्षकाने मुलाचा व्हिडिओ टाकला. पोरगा फळ्यासमोर उभा, संख्या वाचताना अडखळतोय. हेतू साफ होता: कुठे अडतो ते बघा, सांगा. पण ग्रुपमधल्या कुणीतरी तो पुढे पाठवला आणि दोन दिवसांत तो गावच्या ग्रुपवर पोचला. मुलाचे वडील हैदराबादला बांधकामावर होते. त्यांनी तो तिथे, मुकादमाच्या शेजारी बसून पाहिला. त्यांचा फोन आला: “सर, माझ्या पोराला येत नाही हे गावाला कामून दाखवलं? शाळेत तर तुम्ही शिकवायचं असतं ना?”

या दोन वाक्यांवर आमच्याकडे उत्तर नव्हतं. शिक्षक त्या घरी गेले, मुलाच्या आईची माफी मागितली. मी अ‍ॅडमिन म्हणून सोबत गेलो. त्यांनी चहा दिला. पण मुलगा आतून बाहेर आला नाही.

तीन आठवडे ग्रुप मुका झाला. मग नियम ठरले: फोटो वहीचाच, चेहरा नाही, नाव नाही, मुलाचा आवाजही नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते, हे मी नंतर वाचलं. पण कायद्यासाठी थांबायला नको होतं, ते आधीच सुचायला हवं होतं. ‘एकदाच पाहा’ची सोय वापरून पाहिली, तो मेसेज पुढे जात नाही. पण मग दुसऱ्या दिवशी वर्गात जाताना पुन्हा बघायचा तर बघताही येत नाही. शेवटी भरवसा एकमेकांच्या जिभेवर आणि अंगठ्यावरच ठेवावा लागला. दोघांनी तेव्हा ग्रुप सोडला, ते परत आले नाहीत. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही.

न जमलेलं

एका तज्ज्ञ व्यक्तीला रात्री साडेआठला ऑनलाइन बोलावलं. तीन गावांत लाईट गेली, पाच जणांचा आवाज तुटला. उरलेल्यांनी नंतर विचारलं, “काय झालं हो?” पुन्हा केलं नाही.

व्हॉइस नोटमुळे टाइप करायचा कंटाळा असणारे बोलते झाले, विशेषतः वयाने मोठे. पण व्हॉइस नोट शोधता येत नाही. सहा महिन्यांनी ‘ते हातच्याचं कुणी सांगितलं होतं?’ असं झालं की वर वर जात बसायचं. यावर एका मॅडमनी तोडगा काढला तो असा: दोनशे पानी वही. डावीकडे प्रश्न, उजवीकडे काय करून पाहिलं, कोणत्या वर्गात, चाललं की नाही. तंत्रज्ञानावरच्या ग्रुपची आठवण कागदावर! ती वही दर शिक्षण परिषदेला येते आणि साहेब ती वाचतात, सही करत नाहीत.

वेळेचंही भांडण झालं. लहान लेकरं असलेल्या एका मॅडम स्पष्ट बोलल्या की रात्री नऊला भाकरी थापताना फोन वाजला की घरात कटकट होते, आणि हे तास त्या ५० तासांत कुणी मोजतही नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या. पहिलीवर उपाय केला. रात्री साडेआठनंतर फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकेल असं सेटिंग लावतो आणि सकाळी काढतो. दोन-तीनदा काढायला विसरलो. दुसऱ्या गोष्टीवर आमच्या हातात काही नाही.

वहीतला हिशोब

जानेवारीत त्या तिसरीच्या मॅडमनी तेच श्रुतलेखन पुन्हा घेतलं. अकरा मुलांपैकी तिघं दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेली होती. उरलेल्या आठांपैकी सहांनी ३९ लिहिलं. यावरून काही सिद्ध होत नाही. मुलं पाच महिन्यांनी मोठी झाली होती, आणि गेलेली तिघं कदाचित सगळ्यात जास्त अडणारी असतील. मॅडमनी वहीत हेही लिहिलंय, आणि त्या तिघांची नावं न लिहिता तीन रिकाम्या ओळी सोडल्यात. मुलं परतली की भरायला.

उन्हाळ्यात पोर्टलवर बदल्या झाल्या. सव्वीसपैकी सात जण गेले, त्यात त्या मॅडमही. ग्रुप केंद्राचा, मग केंद्राबाहेर गेलेल्यांनी राहायचं का, यावर दोन दिवस चर्चा चालली. नियम कुणीच केला नाही, म्हणून ते राहिले. नवे आलेले सात जण अजून काही बोललेले नाहीत. मी यावेळी त्यांना काही म्हणत नाही.

जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात त्या मॅडमचा नव्या शाळेवरून मेसेज आला: “इथं टीव्ही नाही. लाईटचं बिल थकलंय, मीटर काढून नेलंय. पोरं मात्र ४९च लिहायलेत.”

खाली त्या निवृत्तीला आलेल्या सरांची चार सेकंदांची व्हॉइस नोट: “काड्या हायेत का?”